साधं, खरं बोलणं – अण्णांच्या एका वाक्याबद्दल

तुळशीवृंदावन

आषाढी जवळ आली की हा विषय माझ्या घशाशी येतो. यंदा लिहूनच टाकते.

माझे वडील, आमचे अण्णा, माळकरी. फलटणला भुसाराचं दुकान होतं आणि जवळजवळ तीस वर्षं ते दिंडीत वीणेकरी होते. माझ्या गळ्यात माळ आली ती त्यांच्यामुळे, २००४ च्या कार्तिकीला आळंदीत. माळ घालताना सगळ्यांना सांगतात तेच मलाही सांगितलं: एकादशी धर, हरिपाठ चुकवू नको, अभक्ष्य खाऊ नको, खोटं बोलू नको. पहिल्या तिन्ही गोष्टी मला कधीच जड गेल्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अण्णांना कावीळ झाली आणि ती उतरेना. पुण्याला नेलं. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत पसरलेला. पित्तनलिकेत नळी बसवली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला आणि आम्ही त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तीन-चार महिने. गाडीतच ठरलं, अण्णांना सांगायचं नाही. फाइल आईच्या कपाटात, लुगड्यांच्या खाली गेली. पाहुणे यायचे आणि दारातूनच मोठ्याने म्हणायचे, "काय अण्णा, तब्येत छान सुधारली!" अण्णा हात जोडायचे.

मार्चमधली एक रात्र. एकादशी होती, माझा उपास. मी त्यांच्या पायांना तेल चोळत बसले होते. पोटऱ्या इतक्या बारीक झाल्या होत्या की माझी बोटं पलीकडे टेकत होती. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "ताई, मला काय झालंय गं?"

मी म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत, अण्णा. औषधाने विरघळतील."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, गळ्याकडे पाहिलं, माळेकडे. मग म्हणाले, "पाणी दे थोडं." त्यानंतर त्यांनी घरात कुणालाही काही विचारलं नाही. मे महिन्यात गेले.

दहाव्याला त्यांचे मृदंग वाजवणारे सोबती आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुला माहीत असेल म्हणून बोललो नाही. चैत्री एकादशीला अण्णा देवळात आले होते. भजन झाल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, यंदा आषाढीला मी नसेन, वीणा आत्ताच कुणाच्यातरी गळ्यात घाला म्हणजे त्याला सवय होईल." आणि निघताना म्हणाले होते, "पोरांना बोलू नका, ती फार भ्यालीत."

यंदा आषाढीला मी नसेन. या वाक्यात आजाराचं नाव नाही, देवाला गाऱ्हाणं नाही, मोठेपणा नाही. आयुष्यभर मी कीर्तनं ऐकली, पण इतकं साधं आणि इतकं खरं वाक्य मी ऐकलेलं नाही. तेही मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. कारण ते आधी माझ्याकडे आले होते, त्या रात्री, आणि मी त्यांच्या हातात खडे ठेवले.

तुकोबांचा अभंग लहानपणापासून म्हणत आले आहे: "खरें बोले तरी । फुकासाठीं जोडे हरी ॥" फुकासाठी. दमडी लागत नाही, वारी लागत नाही, उपास लागत नाही. मग फुकटचं असूनही आपण ते उचलत का नाही? माझ्यापुरतं उत्तर मला सापडलं आहे. त्या रात्री मी स्वतःला सांगत होते की अण्णांना धक्का बसू नये म्हणून बोलले. ते खरं नव्हतं. मला त्यांच्यासमोर रडायची भीती वाटत होती. मी माझी सोय पाहिली आणि तिला माया म्हटलं.

आणि दुसरं. खरं बोलावं, खरं बोलावं असं सगळेच सांगतात. पण खरं बोलायला समोर कुणीतरी ऐकणारं लागतं. अण्णांना ते देवळात मिळालं, घरात मिळालं नाही.

तुमचं काय होतं अशा वेळी? उपदेश नको आहे. घडलेलं सांगा.

मोगरा

ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्या घरीही फाइल लपवली होती. आमची गव्हाच्या कोठीत होती.

पांढरा_डगला

मी कर्करोगाच्या वॉर्डात १९ वर्षं परिचारिका आहे. घडलेलंच सांगते.

नातेवाईक पेशंटच्या उशाशी उभे राहून माझ्याकडे बघत डोळ्यांनी खुणा करतात: बोलू नका. पेशंट त्या खुणा बघत असतो. त्याला वाटतं, माझ्याबद्दल काहीतरी आहे जे फक्त मलाच कळू द्यायचं नाही. दुखण्यापेक्षा हे एकटेपण जास्त टोचतं, असं मला कितीतरी जणांनी रात्रपाळीत सांगितलंय. रात्री दोन ते चार या वेळात माणसं विचारतात. दिवसा नाही.

सुरुवातीला मीही "काही नाही, बरं वाटेल" म्हणायचे. एका सिस्टरने मला शिकवलं की उत्तर देण्याआधी खाली बस. खुर्ची ओढ, बूड टेकव. उभं राहून खरं सांगता येत नाही. मग विचार, "तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?" दहातले बरेच जण स्वतःच सांगतात, बरोबर सांगतात. मग विचार, "आणखी किती ऐकायचंय आत्ता?" कुणी म्हणतं सगळं सांगा, कुणी म्हणतं आज एवढं पुरे. पुरे म्हटलं की थांबायचं. हे थांबणंही खरेपणातच येतं असं मी मानते.

आणि शब्द. आमच्याकडे "गाठ", "सूज", "डाग", "इन्फेक्शन" असे बरेच शब्द फिरतात. एका शेतकरी आजोबांना चार महिने "सूज आहे" सांगितलं होतं आणि ते रोज हळदीचा लेप लावत होते. सूज म्हटल्यावर माणूस लेपच लावणार.

ताई, तुमच्या अण्णांनी पाणी मागितलं ना? ते रागाने नाही मागितलं. तुम्हाला तिथून उठायला कारण दिलं त्यांनी. मी हे फार वेळा पाहिलंय.

कृष्णाकाठ

मला हे पटत नाही आणि ते इथे बोललंच पाहिजे.

माझ्या आईला खरं सांगितलं गेलं. एका डॉक्टरांनी फेरीच्या वेळी, सहा माणसांसमोर, उभ्या उभ्या, अर्धं इंग्रजीत सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. आईने त्या दिवसापासून जेवण सोडलं. तीन आठवड्यांत गेली. ती आणखी सहा महिने जगली असती असं मी म्हणत नाही, पण ते तीन आठवडे ती आमच्याशी बोललीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. त्यापेक्षा मी दहा वेळा खोटं बोललो असतो.

"सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्" हे उगाच नाही सांगितलेलं. आणि आपल्यात "मी बाई तोंडावर बोलते, मनात काही ठेवत नाही" म्हणणारी माणसं असतात. ती घरादाराला रक्तबंबाळ करतात आणि रात्री शांत झोपतात. त्यांच्या खरेपणाचं काय करायचं?

पांढरा_डगला

कृष्णाकाठ, तुमच्या आईला जे झालं ते खरं सांगणं नव्हतं. ते टाकून जाणं होतं. माझ्या डोळ्यांसमोर असं घडतं तेव्हा मी नंतर जाऊन बसते, पण पहिलं वाक्य परत घेता येत नाही. मनापासून वाईट वाटलं.

जुनी_पोथी

त्या श्लोकाची पुढची ओळ लोक सोडून देतात, म्हणून लिहितो: "प्रियं च नानृतं ब्रूयात्, एष धर्मः सनातनः." गोड वाटेल म्हणून खोटंही बोलू नये. दोन्ही बाजूंनी दार बंद केलंय. अप्रिय सत्य नको आणि प्रिय असत्यही नको. मग उरतं काय? उरते ती मेहनत, खरं असेल ते समोरच्याला सोसेल असं करून आणायची.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय: दुसऱ्याला उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं बोलणं. त्याला तप म्हटलंय, कारण चारही एकदम साधायचे म्हणजे जीव लागतो. ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना सज्जनाच्या बोलण्याचं वर्णन केलंय: "साच आणि मवाळ । मितुले आणि रसाळ", म्हणजे खरं आणि मऊ, मोजकं आणि गोड. सत्य बोलण्याची गोष्ट अहिंसेच्या प्रकरणात येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच ठिकाणी म्हटलंय की आधी कृपा येते आणि मागून शब्द येतो. कृष्णाकाठ यांच्या आईच्या वाट्याला नुसता शब्द आला.

तोंडावर बोलणाऱ्यांबद्दल: त्यांचं बोलणं साच असेल, पण मवाळही नसतं आणि मितुलेही नसतं. चारातलं एक पाळून चारांचा मान मागू नये.

वऱ्हाडी_पाऊस

साधेपणाबद्दल थोडं. आमचं घर महानुभाव. रिद्धपूर आमच्यापासून जवळ.

पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी मराठीत बोलत. त्यांच्यानंतर पंथाचे आचार्य नागदेव. केशिराज हे मोठे पंडित, त्यांना संस्कृतात लिहायची हौस. नागदेवांनी त्यांना अडवलं. म्हणाले, असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या, म्हणजे लुटल्या, जातील. तेराव्या शतकातली गोष्ट. माझी आजी ही गोष्ट सांगताना "नागवल्या" या शब्दावर थांबायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणायची, "त्या म्हाताऱ्या म्हणजे मीच."

म्हणजे अवघड बोलणं ही नुसती शैलीची बाब नाही, त्यात कुणाचं तरी काहीतरी हिरावलं जातं. कृष्णाकाठ यांच्या आईला अर्धं इंग्रजीत सांगितलं, तिथे तेच झालं. तिच्याच मरणाची बातमी तिला पुरती कळेल अशा भाषेत दिली नाही.

दीक्षाभूमी_उत्तर

आमच्याकडची गोष्ट सांगते. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होती, पोटात माझा बाप. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक आहे, मी खोटे बोलणार नाही. शिवाय पंचशील रोजचंच, "मुसावादा वेरमणी", खोटं बोलण्यापासून दूर राहणं. आजी भाजी विकायची. तिला बावीसच्या बावीस पाठ होत्या, पण खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा ती काट्याला लावायची. पारडं झुकतं द्यायची आणि भाजी शिळी असेल तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आत "कालची आहे" म्हणायची. माझा बाप चिडायचा. ती म्हणायची, "त्या दिवशी मी बाबासाहेबांसमोर उभी होते. आता कालच्या मेथीसाठी काय खोटं बोलू?"

धम्मात चुकीच्या वाचेचे चार प्रकार सांगितलेत: खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि निरर्थक बडबड. तोंडावर बोलणाऱ्यांचा प्रश्न वर आलाय, त्याचं उत्तर त्यातच आहे. कठोर बोलणं खोट्याच्या शेजारीच बसवलंय.

शांत_पाणी

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर केलं तेव्हाचा अनुभव. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन असतं. बोलायचं नाही, खुणाही नाही, नजरानजर नाही. सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की गेल्या सहा दिवसांत मी एकदाही खोटं बोललो नाही आणि त्याचं कारण फक्त एवढंच होतं की मी बोललोच नव्हतो. फार लाज वाटली. मौन सुटलं त्या सकाळी शेजारच्याने विचारलं, "कसं वाटलं?" आणि माझ्या तोंडून पहिलाच शब्द निघाला, "मस्त!" मला मस्त वाटलेलं नव्हतं. पाठ मोडली होती, दोनदा बॅग भरली होती. मी थांबलो आणि म्हणालो, "खरं सांगू का, अवघड गेलं." त्याचे डोळे भरून आले. त्यालाही अवघडच गेलं होतं.

मोगरा

मला एक विचारायचं आहे. आपल्या बायकांच्या बोलण्यात कितीतरी झाकलेलं असतं. कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दिवा विझवत नाही, मालवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. रात्री सापाचं नाव घेत नाही, जनावर म्हणतो. हे सगळं खोटंच म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. माझी आई "दिवा मालव गं" म्हणायची त्यातली माया मी खोट्यात कशी धरू?

तुळशीवृंदावन

मोगरा, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करत होते. अण्णाही रोज रात्री "दुकान वाढवतो" म्हणायचे. मला वाटतं, "दुकान वाढवलं" म्हटल्यावर ऐकणाऱ्याला कुलूप लागलं हे ठाऊक असतं. बोलणारा आणि ऐकणारा दोघंही एकाच गोष्टीकडे बघत असतात, फक्त तिच्यावर पदर घेतलेला असतो. मी "खडे" म्हणाले तेव्हा आम्ही दोघं एकाच गोष्टीकडे बघत नव्हतो. मी त्यांचं तोंड दुसरीकडे वळवत होते. पदर घेणं वेगळं आणि तोंड वळवणं वेगळं.

कृष्णाकाठ, तुमचं लिहिणं वाचून मी माझं थोडं तपासलं. मी त्या रात्री घाबरून का होईना, पण फाडकन "अण्णा, तुम्हाला कॅन्सर आहे" म्हणाले असते तर तेही चुकलंच असतं. पांढरा_डगला यांनी लिहिलंय तसं, "तुम्हाला काय वाटतंय?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. उरलेलं अण्णांनीच सांगितलं असतं. त्यांना माझ्याकडून बातमी नकोच होती.

पांढरा_डगला, पाणी मागण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत, ते चार वर्षांत मला सुचलं नव्हतं. मी उठले होते, खरंच उठले होते, आणि स्वयंपाकघरात जाऊन माठाशी उभी राहून रडले होते.

कृष्णाकाठ

पांढरा_डगला, "टाकून जाणं" हा शब्द माझ्याजवळ नव्हता. इतकी वर्षं मी सत्याला दोष देत होतो. अजून मन पुरतं वळलेलं नाही, पण त्या डॉक्टरांइतकाच मीही तिथे उभा होतो. खुर्ची मीही ओढली नाही, हे आज लिहितो आहे.

जुनी_पोथी

कृष्णाकाठ, असं लिहायला बळ लागतं.

एक जोडतो. "नरो वा कुंजरो वा" आपण सगळेच वापरतो. धर्मराजाचं वाक्य अक्षरशः खरं होतं, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. तरी जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शब्द खरे होते, हेतू फसवायचा होता, आणि ती गोष्ट हिशेब हेतूचा ठेवते. मी बँकेत ३४ वर्षं काढली. कर्जदाराला कागदावरचं सगळं खरं वाचून दाखवायचं आणि व्याजाच्या ओळीला आवाज खाली आणायचा, हे मी केलंय. एकही शब्द खोटा नव्हता. आता ती माणसं रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात.

पायवाट

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. काल बायकोचा फोन आला, "कुठे पोचलास?" मी ऑफिसातच होतो. नेहमीप्रमाणे "निघालोय, रस्त्यातच आहे" ओठांवर आलं. म्हणालो, "अजून खुर्चीत बसलोय, अर्धा तास लागेल निघायला." ती म्हणाली, "बरं, मग कणीक नंतर मळते." बारा वर्षं माझ्या "रस्त्यातच आहे"वर पोळ्या गार होत होत्या.

तुळशीवृंदावन

सगळ्यांचे आभार. एक सांगून माझ्यापुरतं थांबते.

आई आता ७६ ची आहे, माझ्याकडेच असते. गेले काही महिने तिला विसरायला होतंय. दूध दोनदा तापवते, शेजारणीचं नाव विसरते. आम्ही भावंडं पुन्हा तेच करत होतो: "वयोमानाने होतं गं", "आम्हीपण विसरतो." काल दुपारी वाती वळता वळता ती थांबली आणि म्हणाली, "मला हल्ली काही सुधरत नाही. मला काहीतरी होतंय का?"

मी पाट ओढून तिच्यासमोर बसले. विचारलं, "तुला काय वाटतं, आई?"

म्हणाली, "माझ्या आईला झालं होतं तसं होणार."

मी म्हणाले, "विसरायला होतंय तुला, हे मलाही दिसतंय. तेच आहे का ते मला माहीत नाही. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेते, दोघी जाऊ. ते जे सांगतील ते तुझ्यासमोरच सांगतील."

माझा आवाज हलत होता. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही. आईने हातातली वात पूर्ण वळली, तबकात ठेवली. मग कमरेची किल्ल्यांची साखळी काढली, एक एक किल्ली बोटाने चाचपून कुठली कशाची ते सांगितलं, आणि म्हणाली, "मग या तुझ्याकडे राहू देत. कपाटाची तेवढी अडकते, जरा वर उचलून फिरव."